मिझुरी नदीकाठचं हर्मन गाव: एका दिवसात काय पाहावं?

वर्धाकाठ (प्रश्न)
वरुडकडचे आमचे काका-काकू ऑक्टोबरात मुलाकडे अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला चालले आहेत. काका संत्रा बागायतदार, कलमं स्वतः बांधतात. जर्मन लोकांनी वसवलेलं हर्मन तिथून जवळ आहे म्हणे. गाडी नसताना जाता येईल का? दोघंही शाकाहारी, दारू घेत नाहीत, काकूंचे गुडघे दुखतात. आणि सगळं गाव चढउताराचं, तर तिथं शेती कशी उभी राहिली?

टेकडीवाला
ते गाव आधी कागदावर वसलं. आपली भाषा आणि सण टिकावेत म्हणून फिलाडेल्फियातल्या जर्मन लोकांनी १८३६ मध्ये संस्था काढली. तिच्या वतीने जॉर्ज बायर या शिक्षकाने सुमारे ११ हजार एकर जमीन घेतली. आखणी मात्र फिलाडेल्फियात बसून झाली, सरळ रेघांचे चौकोनी प्लॉट. जागेवर टेकड्या आणि नाले. काही प्लॉटांवर नांगर धरणंच अशक्य.

१८३७ च्या डिसेंबरात पहिले १७ जण पोचले तेव्हा बायर आजारपणामुळे वाटेतच अडकलेला होता, स्वागताला कोणी नाही, निवारा नाही. लोकांनी सारा राग त्याच्यावर काढला. १८३९ मध्ये तो वारला. माझ्या मते दोष जागा न पाहता रेघा मारणाऱ्यांचा जास्त.

मका-गव्हाला नको असलेला उतार द्राक्षाला मानवला. पाणी साचत नाही, थंड हवा खाली वाहून जाते, त्यामुळे वसंतातल्या हिमाने कोंब जळण्याचा धोका कमी. गावाने १८४४ मध्ये रिकामे प्लॉट द्राक्षासाठी ५० डॉलरला, पाच वर्षांच्या बिनव्याजी उधारीवर दिले. १८४७ मध्ये स्टोन हिल वायनरी, म्हणजे द्राक्षाच्या वाईनचा कारखाना, निघाली. १९२० च्या देशव्यापी दारूबंदीने तो धंदा बुडाला, तिच्या तळघरांत अळिंबी पिकवू लागले. पुढे १९६५ मध्ये ती परत सुरू झाली. मधल्या काळात गावात पैसा नव्हता, म्हणून जुनी विटांची घरं पाडली गेली नाहीत. आज लोक तीच पाहायला जातात.

जंभेरी_खुंट
काकांच्या कामाची गोष्ट तिथल्या मुळांत आहे. आपण जंभेरी लिंबाच्या खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतो, तसंच फ्रान्सच्या द्राक्षबागांचं झालं. फिलोक्झेरा ही माव्यासारखी बारीक कीड मुळांवर बसते. मूळची अमेरिकेची, रोपांसोबत युरोपात गेली आणि १८६० नंतर तिथल्या बागा वाळत गेल्या. अमेरिकन रानवेलीचं मूळ चावलेल्या जागी बुचासारखा थर धरतं, त्यामुळे जखमेतून कूज आत शिरत नाही. युरोपीय वेलीला ते जमत नाही. म्हणून खुंट अमेरिकन, डोळा फ्रेंच. मिझुरी राज्याचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी यात मोठं काम केलं. खुंटाच्या काड्या पाठवणाऱ्यांत हर्मनमध्येच वाढलेले जॉर्ज हुसमान होते. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागांतला डॉगरिज खुंटही टेक्सासच्या रानद्राक्षाचाच, क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून घेतलेला.

तिथल्या द्राक्षबागेत नॉर्टन या जातीची वेल कोणती ते नक्की विचारायला सांगा. सुरुवातीची काटाबा जात दमट हवेत कुजीला बळी पडायची, नॉर्टन टिकली. पण तिच्या पक्व काडीला मुळं सहजी फुटत नाहीत, म्हणून दाब कलम करतात: वेलीवरचीच फांदी वाकवून मातीत दाबायची, मुळं धरली की तोडायची. आणि भाऊ, काकांना आधीच बजावा, काडी किंवा डोळा बॅगेत टाकायचा नाही. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसेल तर विमानतळावर जप्त होते.

पायवाट
गाडीची गरज नाही. सेंट लुईसहून अ‍ॅमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वेची 'मिझुरी रिव्हर रनर' गाडी हर्मनला थांबते, अंतर साधारण १३० किलोमीटर. जायची-यायची दोन्ही तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. परतीची गाडी चुकली तर मुक्कामच पडतो.

ऑक्टोबरातले शनिवार-रविवार टाळा. ऑक्टोबरफेस्ट या जर्मन उत्सवामुळे खोल्या आणि गाड्या आधीच भरतात. मधल्या वारी जा, पण डॉइचहाइम हे सरकारी स्मारक त्या दिवशी उघडं आहे का ते पाहून घ्या. तिथली दोन घरं चुकवू नका: १८४० चं पॉमर-गेंटनर घर आणि जिथून जर्मन वृत्तपत्र निघायचं ते स्ट्रेली घर. १८७१ च्या जर्मन शाळेच्या इमारतीत गावाचं संग्रहालय आहे. स्टोन हिल टेकडीवर आहे, काकूंना तिथं चालत नेऊ नका. तळघर थंड असतं, स्वेटर हवाच.

वर्धाकाठ
जेवणाचं कसं?

पायवाट
नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. गरम जर्मन बटाटा सॅलडमध्ये बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. आंबवलेली कोबी, लाल कोबी डुकराच्या चरबीत शिजवलेली असू शकते. 'बेकन' (डुकराचं मांस) आणि 'लार्ड' (डुकराची चरबी) हे दोन शब्द काकूंना पाठ करून द्या आणि प्रत्येक ताटाला विचारायला सांगा. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असली तर उत्तमच.