पडसाद उमटतात की घुमतात?

‘भूतकाळाचे पडसाद वर्तमानात घुमतात’ अशी वाक्यरचना हल्ली लेखांतून आणि भाषणांतून वारंवार आढळते. माझ्या मते येथे ‘उमटतात’ हेच क्रियापद हवे. संस्कृतातील ‘प्रतिशब्द’ प्राकृतात ‘पडिसद्द’ झाला आणि मराठीत ‘पडसाद’, त्यामुळे मूळ अर्थ प्रतिध्वनीचाच आहे. परंतु मराठीने ‘प्रतिध्वनी’ आणि ‘पडसाद’ हे दोन्ही शब्द ठेवून त्यांची कामे वाटून दिली. प्रतिध्वनी घुमतो आणि विरतो. पडसादाला मात्र आपण ठसा, पाऊल, वळ यांचे क्रियापद लावले, आणि त्यामुळे ऐकू येण्यापेक्षा मागे राहण्याचा, परिणाम घडवण्याचा अर्थ त्यात मुरला. एखाद्या निर्णयाचे पडसाद विधिमंडळात उमटले असे आपण म्हणतो, तेव्हा आवाजाची कल्पना मनात फारशी नसतेच.

‘पडसाद’ आणि ‘खूण’ यांतील भेदही जपावा असे मला मनापासून वाटते, आणि मुंबईत राहणाऱ्याला तो समजावून सांगणे सोपे आहे. दादरचे ‘टीटी’ म्हणजे ट्राम टर्मिनस. शहरातील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, तरी तिथे जाणारा माणूस आजही टॅक्सीवाल्याला ‘टीटी’ असेच सांगतो. काळा घोडा येथील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला आणि २०१७ मध्ये स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. मधल्या अर्धशतकात लोक तिथे नसलेल्या घोड्याचा पत्ता बिनदिक्कत देत होते. या खुणा आहेत. त्यांना पडसाद म्हटले की शब्दाची धार जाते.

पायधुणीचे उदाहरण अधिक बोलके आहे. वरळीकडच्या खिंडारातून शिरणारे भरतीचे पाणी एके काळी तिथवर पोहोचत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने ते अडवले आणि पाय धुण्याची गोष्ट नावापुरती उरली. हे नाव खूणच. मात्र बेटांमधल्या खाड्या बुजवून मिळवलेल्या सखल भागांत, मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की समुद्राकडे जाणाऱ्या पर्जन्यवाहिन्यांतून पाणी उतरत नाही आणि रस्त्यावर गुडघाभर साचते, तेव्हा त्या जुन्या भरावाचे पडसाद उमटत असतात. महापालिका पावसाळ्यातील साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस आधी जाहीर करते, ते याच कारणाने.

‘घुमणे’ सर्वत्र वर्ज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. गिरणीचा भोंगा लालबाग-परळच्या जुन्या रहिवाशांच्या कानांत अजून घुमतो, हे वाक्य निर्दोष आहे, कारण भोंगा हा आवाजच. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपाविषयी लिहिताना, ज्यांचे वारस आजही म्हाडाच्या घरांसाठी अर्ज करतात आणि मोर्चे काढतात त्यांच्याविषयी लिहिताना, ‘घुमणे’ फार हलके पडते. तिथे ‘संपाचे पडसाद आजही उमटत आहेत’ असेच लिहावे. ‘वर्तमानात’ हा शब्दही मग गाळता येतो; क्रियापदाचा काळ ते काम आधीच करत असतो.