मदत हवी आहे: एलएम 25 चे जॉब टी6 नंतर बास्केटच्या मधलेच मऊ का येतात?

नमस्कार मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं हीट ट्रीटमेंटचं काम आहे, फाउंड्रीकडनं ग्रॅव्हिटी डायचे (धातूच्या साच्यात ओतलेले) एलएम 25 चे, म्हणजे सिलिकॉन-मॅग्नेशियमवाल्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे ब्रॅकेट येतात आणि आम्ही टी6 (तापवून, पाण्यात विझवून, परत कमी तापमानाला ठेवून कडक करायची प्रक्रिया) करून देतो. 535 डिग्रीला सहा तास तापवणं (सोल्युशन), गरम पाण्यात झटकन बुडवणं (क्वेंच), मग 165 ला आठ तास ठेवणं (एजिंग), चार्टवर सगळं व्यवस्थित दिसतंय. पण हार्डनेस बघितला तर बास्केटच्या कडेचे जॉब 95 बीएचएनच्या (ब्रिनेल हार्डनेस) वर आणि मधले 72-75. एकाच लॉटमधे एवढा फरक! कस्टमरला किमान 90 पाहिजे. स्पेक्ट्रोला (धातूतले घटक मोजायच्या मशीनला) मॅग्नेशियम 0.32 टक्के, सिलिकॉन 7 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे माल तर बरोबर वाटतोय. मालक म्हणतायत सोल्युशन टेंपरेचर 555 करून टाकू, मला ते पटेना पण का नको ते नीट सांगताही येईना. कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

कास्टिंगवेडा: पाऊस चालू आहे ना तिकडं? ओले इनगॉट, दमट फ्लक्स... वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम त्या ओलाव्यातनं हायड्रोजन ओढून घेतं, गोठताना तो सुटतो आणि पिनहोल (बारीक भोकं) राहतात. फाउंड्रीला आधी डिगॅसिंगचं (वितळलेल्या धातूतनं गॅस काढायचं) विचारा.

तापमापी: पोरॉसिटीनं (अशा भोकांनी) स्ट्रेंग्थ आणि इलाँगेशन (तुटायच्या आधी धातू किती लांबतो ते) मार खातं हे खरंय, पण मेल्टमधल्या गॅसला बास्केटची मधली जागा कुठली हे कसं कळणार? जागेप्रमाणं फरक पडतोय म्हणजे घोळ भट्टीत नाहीतर पाण्यात.

555 मुळीच नको. या मिश्रधातूत अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि मॅग्नेशियम सिलिसाइड मिळून साधारण त्याच तापमानाला वितळायला लागतात, ग्रेनच्या (धातूच्या स्फटिकांच्या) सीमांवर द्रव झाला की जॉब कायमचा गेला, परत हीट ट्रीट करूनही सुधारत नाही.

आता मूळ गोष्ट. सोल्युशनमधे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियममधे विरघळतात, क्वेंचनं ते तसेच अडकवून ठेवायचे, मग एजिंगमधे त्यांचे नॅनोमीटरमधले सुईसारखे कण तयार होतात आणि तेच ताकद देतात. साधारण 400 ते 250 डिग्रीच्या पट्ट्यातनं जॉब रमतगमत खाली आला तर मॅग्नेशियम सिलिसाइडचे जाड कण तिथंच तयार होतात, त्यांचा ताकदीला फारसा उपयोग नाही आणि एजिंगला शिल्लक काही उरत नाही. मग 165 ला कितीही तास ठेवा. तुमचे जॉब एकावर एक रचलेत का? मधे पाणी शिरत नसेल, वाफ अडकत असेल. दार उघडल्यापासनं जॉब बुडेपर्यंत किती सेकंद जातात तेही मोजा, 10-15 च्या वर नको.

खात्री करायची तर एक मऊ जॉब घ्या, एकटाच परत सोल्युशन करून क्वेंच आणि एजिंग करा. 90 च्या वर गेला तर केमिस्ट्री निर्दोष. आणि थर्मोकपल (तापमान मोजायची तार) एखाद्या मधल्या जॉबला भोक पाडून आत घाला, चार्टवर दिसतं ते हवेचं तापमान असतं, मधला जॉब 535 ला तासभर उशिरा पोचत असेल तर ते तिथंच कळेल.

धागाकर्ता: एकटा जॉब 97 आला! थर्मोकपलवाला जॉब पण वेळेत 535 ला पोचला, म्हणजे पाणीच. रचून ठेवतो हे खरंय, एका बास्केटमधे जास्त बसतात म्हणून. आणि मोठा लॉट बुडवला की टाकीचं पाणी 70 वरनं पार 90 च्या पुढं जातं. पंप लावून पाणी फिरवलं आणि सुरुवात 60 ला केली तर जॉब वाकतील का? ब्रॅकेटची एक बाजू बारीक आहे.

तापमापी: थोडे वाकतील. क्वेंच झाल्यावर एजिंगच्या आधी सरळ करून घ्या, तेव्हा जॉब मऊ असतो. पण शनिवारी क्वेंच आणि सोमवारी एजिंग असं करू नका, मधे नुसतं पडून राहिलं तरी आतल्या आत एजिंग चालू होतं आणि नंतरची यील्ड स्ट्रेंग्थ (कायमचं वाकायच्या आधी सोसता येणारा ताण) कमी मिळू शकते. आणि दोन थरांच्या मधे जाळी टाका, बास्केटमधे कमी बसले तरी चालतील, रिजेक्शनपेक्षा स्वस्त पडतं.