टॉम थॉमसन: चित्रं मोठी की मरण मोठं?

ऋतुगंध
कॅनडाचा निसर्गचित्रकार टॉम थॉमसन याचं नाव निघालं की पाच मिनिटांत गाडी कनू लेक या तळ्यावर येतेच. ८ जुलै १९१७ ला होडी घेऊन गेला, आठ दिवसांनी प्रेत तरंगताना सापडलं, कानशिलावर जखम. बुडाला की मारला? शंभर वर्षं हेच चघळणं चाललंय. माझं स्पष्ट मत: तो म्हातारा होऊन मेला असता तरी मोठाच ठरला असता. टोरांटोत 'ग्रिप' कंपनीत जाहिराती आखणारा हा माणूस १९१२ ला पहिल्यांदा ओंटारिओ प्रांतातल्या अल्गॉन्क्विन पार्क या राखीव रानात (कनू लेक तिथलंच) गेला आणि पुढच्याच वर्षी ओंटारिओ सरकारनं त्याचं 'नॉर्दर्न लेक' २५० डॉलरला घेतलं. १९१५ ला 'नॉर्दर्न रिव्हर' राष्ट्रीय कलादालनात. तेव्हा तो चांगला हयात होता.

तिरकस
चित्रं विकली गेली म्हणून कुणी देशाचं दैवत होत नाही. त्याचं गाजलेलं चित्र 'द जॅक पाइन' याच दालनानं घेतलं १९१८ मध्ये, म्हणजे मेल्यावर. चित्रकार मित्रांनी १९२० ला 'ग्रुप ऑफ सेव्हन' हा गट काढला, त्यांना मूळपुरुष हवाच होता. त्यांच्यातला लॉरेन हॅरिस १९७० पर्यंत जगला, अमूर्त चित्रांकडे वळला, कित्येकांनी नाकं मुरडली. थॉमसनवर ती वेळच आली नाही. मोठे कॅनव्हास म्हणाल तर जेमतेम पन्नास!

ऋतुगंध
कॅनव्हास मोजताय, तिथेच गडबड आहे. खरा थॉमसन बघायचा तर साधारण २१ बाय २७ सेंटिमीटरच्या फळ्यांवर. रानातच बसून एका बैठकीत रंगवलेल्या, अशा चारेकशे. हिवाळ्यात महिना एक डॉलर भाड्याच्या खोपटात त्यांतल्याच काहींचे कॅनव्हास व्हायचे. 'जॅक पाइन' जवळून बघा: पाइनच्या हिरव्यातून खालचा शेंदरी थर जागोजागी डोकावतो, त्यानंच ती थंड संध्याकाळ धगधगते. हे मरणानं येतं होय?

ओंडका
मधेच बोलतो. हे रान 'अस्पर्श' वगैरे नव्हतं, तिथे कित्येक दशकं लाकूडतोड चालू होती. अनिशिनाबे लोकांची भूमी ती, पार्क झालं १८९३ ला. थॉमसननं स्वतः नदीतून वाहणारे ओंडके रंगवलेत, १९१६ ला वणवा-राखणदाराची नोकरीही केली. निर्मनुष्य अरण्यातला एकांडा शिलेदार ही प्रतिमा लोकांनी नंतर चिकटवली.

तिरकस
मग मी वेगळं काय म्हणतोय? आणि त्या शेंदरी थराचं एवढं कौतुक नको. १९१४ च्या हिवाळ्यात ए. वाय. जॅक्सन, त्याच गटातला चित्रकार, थॉमसनबरोबर एकाच स्टुडिओत होता, रंगांचं बरंचसं गणित जॅक्सनकडून आलंय.

ऋतुगंध
आलं असेल, नाही कोण म्हणतंय? जॅक्सनचं १९१४ चं 'द रेड मेपल' आणि थॉमसनचं 'जॅक पाइन' शेजारी-शेजारी लावून बघा, मग बोलू.