जेरिकोचं घोडेस्वारांचं शिळाछाप चित्र: अस्सल कसं ओळखायचं?

लगाम_ढिला: नमस्कार मंडळी. बाबा घोडदळातून निवृत्त झालेत. त्यांच्या पंचाहत्तरीला फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिकोचं लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, द्यायचं मनात आहे. मी लंडनला असते. इथे एका दुकानात ‘रशियाहून परतताना’ (1818) मिळतंय, पण किंमत संशय यावा इतकी कमी आहे. घेऊ का?

शाईचे_डाग: दहापट भिंग घेऊन जा. जेरिकोने तेलकट खडूने थेट दगडावर काढलंय, त्यामुळे रेघ दाणेदार दिसायला हवी, दाणे लहानमोठे, वेडेवाकडे. ठिपके ओळीने मांडलेले दिसले तर ती फोटोवरून केलेली छपाई, सरळ परत फिरा. शिवाय हे चित्र दोन दगडांवरून छापलंय: एक काळा, दुसरा फिकट मातकट छटेचा. ती छटाही भिंगाखाली धरा.

मोडीवाचक: आधी ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट्स अँड ड्रॉइंग्ज विभागात वेळ घेऊन जेरिकोची लिथोग्राफ बघून या. एकदा अस्सल कागद जवळून पाहिला की दुकानात फसायची शक्यता निम्मी होते.

पागेवाला: ताई, वाढदिवसाला हेच का? एका हाताचा ग्रेनेडियर (पायदळ सैनिक) लगाम धरून चाललाय, खोगिरावर दृष्टी गेलेला क्युरासियर (चिलखती घोडेस्वार), आणि नेपोलियनच्या फौजेच्या 1812 च्या रशियातल्या माघारीतला घोडा. थोर चित्र आहे, पण जेवणाच्या टेबलासमोर? त्यापेक्षा 1821 च्या लंडन मालिकेतलं अडेल्फी धक्क्याचं बघा. तिथल्याच हलमँडेल नावाच्या मुद्रकाच्या छापखान्यातलं. सैनिक नाहीत, पण अंधाऱ्या कमानीत शिरणाऱ्या ओझ्याच्या घोड्यांचे पुठ्ठे असे काढलेत की घोडेवाला माणूस तिथून हलणार नाही.

लगाम_ढिला: बाबांना रुबाबदार परेडची चित्रं मुळीच आवडत नाहीत हो. थकलेला घोडा त्यांना पटेल. पण अडेल्फीही शोधते.

शाईचे_डाग: शोधताना एक बघा. त्या मालिकेतली काही चित्रं नंतर पॅरिसमध्ये कोन्ये आणि वोल्मार या चित्रकारांनी जेरिकोच्या देखरेखीखाली पुन्हा दगडावर काढली. तीही जुनीच, वाईट नाहीत, पण हात दुसऱ्याचा. दुकानदाराने त्याच भावात गळ्यात मारू नये. आणि कडा कापलेली प्रत नको, खालचा मजकूर त्यातच जातो.

मोडीवाचक: चौकटीला आम्लरहित माउंट सांगा, काच कागदाला टेकू देऊ नका. बाबा कोकणात वगैरे राहत असतील तर बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल येऊन तपकिरी डाग पडतात. पाठवायचंच तर पावसाळा संपल्यावर.