मदत हवी आहे : गीतू अ‍ॅना जोस यांच्या ऑस्ट्रेलियातील खेळाविषयी

नमस्कार. शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी भारताच्या माजी बास्केटबॉल कर्णधार गीतू अ‍ॅना जोस यांच्यावर लेख लिहीत आहे. केरळच्या गीतू दक्षिण रेल्वेच्या खेळाडू असतानाच २००६ मध्ये मेलबर्नच्या रिंगवुड हॉक्स संघाकडून ऑस्ट्रेलियातील ‘बिग व्ही’ लीगमध्ये उतरल्या, आणि पुढे २०११ मध्ये शिकागो, लॉस एंजेलिस व सॅन अँटोनियो या डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) तीन संघांनी त्यांना चाचणीसाठी बोलावले. तिथे निवड झाली नाही, आणि लिहिणारे बहुधा तेवढ्यावरच रेंगाळतात. मला मात्र मेलबर्नचे दिवस अधिक मोलाचे वाटतात. त्या काळी मेलबर्नमध्ये राहणाऱ्या कोणी त्यांचे सामने पाहिले असल्यास, किंवा तेथील जुनी स्थानिक वृत्तपत्रे व गुणफलक कोठे पाहता येतील हे ठाऊक असल्यास, कृपया कळवावे. छायाचित्रे नसली तरी चालेल.