विषय: मुलांची फुटबॉल सहल आणि ईएफएल ट्रॉफी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगच्या सामन्याची तिकिटे मिळणेही अवघड आणि परवडणेही अवघड झाल्यामुळे, आपल्या शहरातील लीग टू (म्हणजे चौथ्या श्रेणीतील) क्लबचा ईएफएल ट्रॉफी या छोट्या क्लबांच्या करंडक स्पर्धेतील एक साखळी सामना मुलांना दाखवावा, असे समितीने योजिले आहे. समोर एका प्रीमियर लीग क्लबचा एकवीस वर्षांखालील संघ असेल. तिकीट स्वस्त असते, गर्दी नसते आणि मुलांना अगदी कठड्यापाशी बसता येते. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावे.

सहल समिती

---

समितीच्या ताईंस सप्रेम नमस्कार,

सहलीला माझी हरकत नाही. सामन्याच्या निवडीला आहे. गर्दी का नसते, हे मुलांना नेण्यापूर्वी आपण जाणून घ्यायला हवे.

ही स्पर्धा १९८३-८४ च्या मोसमात तेव्हाच्या तिसऱ्या आणि चौथ्या विभागांतील क्लबांसाठी सुरू झाली. एफए कप या सर्व श्रेणींच्या करंडक स्पर्धेत ज्यांना लंडनच्या वेम्बली मैदानावरील अंतिम सामन्याचे स्वप्नही पडू नये, अशा क्लबांना तिथवर नेणारी एक वाट तिने उघडून दिली. (पहिला अंतिम सामना मात्र वेम्बलीऐवजी हल शहरात झाला आणि बोर्नमथने हल सिटीला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले.) प्रायोजकागणिक तिचे नाव बदलत आले, कधी रंग, कधी मोटारी, कधी पिझ्झा. त्यावर इथले लोक हसतात, पण अंतिम सामन्याचा दिवस आला की अख्खे गाव बसमध्ये बसते. १९८८ मध्ये वुल्व्हज आणि बर्नली हे दोन्ही क्लब चौथ्या विभागात होते, आणि तरी त्यांचा अंतिम सामना पाहायला ८०,८४१ लोक वेम्बलीत आले. २०१९ मध्ये पोर्ट्समथ आणि संडरलंड यांच्या सामन्याला ८५,०२१ जण होते.

मग २०१६ मध्ये मोठ्या क्लबांच्या अकादमींचे (तरुण खेळाडू घडवणाऱ्या शाखांचे) सोळा संघ या स्पर्धेत घेतले गेले आणि आरंभी साखळी फेरी आली. पहिल्या वर्षी आर्सेनल, लिव्हरपूल, टॉटनहॅम आणि मँचेस्टरचे दोन्ही क्लब आलेच नाहीत, म्हणून काही जागा प्रीमियर लीगखालच्या, दुसऱ्या श्रेणीतील क्लबांच्या अकादमींनी भरल्या. दुय्यम संघांना पुढे लीगमध्येच घुसवण्याची ही पहिली पायरी आहे, अशी धास्ती छोट्या क्लबांच्या समर्थकांना वाटली आणि अनेकांनी या सामन्यांवर बहिष्कार टाकला. सुरुवातीच्या संघात नेहमीचे किती खेळाडू हवेत याचेही नियम आले. त्याच मोसमात ब्रॅडफर्ड सिटीने नियमाची पूर्तता व्हावी म्हणून आपला नेहमीचा गोलरक्षक सुरुवातीला उतरवला आणि तिसऱ्या मिनिटाला परत बोलावला. नियमाची याहून सभ्य थट्टा मी पाहिलेली नाही.

आपले शेजारी ज्या सामन्याला ठरवून जात नाहीत, त्याला मंडळाच्या नावाने चाळीस जणांनी जाणे मला प्रशस्त वाटत नाही. बाद फेरीत आपला क्लब पोहोचला आणि समोर दुसरा छोटा क्लब आला, तर त्या सामन्याला जावे.

आपला,
एक जुना सभासद

---

काकांस सादर नमस्कार,

आपला मुद्दा पटला, तरी एक गोष्ट सुचवते. एकोणीस वर्षांच्या अकादमीतल्या मुलाला अनुभवी, धिप्पाड बचावपटूंशी प्रथमच भिडताना पाहणे हेही मुलांना काही शिकवणारे आहे. शिवाय अकादमींनी करंडक पळवून नेलेला नाही. चेल्सीचा संघ २०१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, तोही पेनल्टींवर लिंकन सिटीकडून हरला, आणि लिंकनने पुढे वेम्बलीत पहिल्यांदाच पाऊल ठेवून श्रूजबरीला १-० असे नमवले.

तरीही मंडळाचे नाव वादात नको, म्हणून बाद फेरीचीच वाट पाहू. अडचण एवढीच की तिथे प्रतिस्पर्धी सोडतीनंतर कळतो, त्यामुळे बस आधीपासून ठरवता येणार नाही, आणि सामना बहुधा मंगळवारी रात्री असेल. बरोबरी झाल्यास जादा वेळ न खेळवता थेट पेनल्टी घेतल्या जातात, त्यामुळे मुले दहा-साडेदहापर्यंत घरी परततील. दुसऱ्या दिवशी शाळा असूनही मुलांना पाठवण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी कृपया मुलांची संख्या कळवावी.

सहल समिती