मदत हवी आहे : एसीमध्ये दर वर्षी गॅस भरावा लागणे स्वाभाविक आहे का?

नमस्कार. आमच्या घरी भिंतीवरचा स्प्लिट एसी आहे आणि तोच हिवाळ्यात हीट पंप म्हणून खोली गरम करतो. यंत्र सहा वर्षांचे आहे. पहिली तीन वर्षे त्याने कसलाही त्रास दिला नाही. त्यानंतर मात्र दर उन्हाळ्याच्या तोंडाशी एकच गोष्ट घडत आली आहे. गारवा कमी जाणवू लागतो, मेकॅनिक येतो, जाळ्या धुतो, बाहेरील युनिटवर पाण्याचा फवारा मारतो आणि ‘गॅस थोडा कमी झाला आहे, दर वर्षी होतोच’ असे सांगून गॅस भरून जातो. हा सर्व्हिसिंगचाच भाग असावा असे मी आजवर समजत होतो.

यंदा दोन गोष्टी नव्याने दिसल्या. घरातील युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागले आहे. बाहेरील युनिटला जोडलेल्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी बारीक नळीच्या नटाभोवती, एसी सुरू करून वीसेक मिनिटे झाली की, पांढरा बर्फाचा थर धरतो. जाळ्या मी स्वतः काढून पाहिल्या. खिडकीच्या उजेडासमोर धरल्या असता अर्ध्या भागातून उजेडच येत नव्हता, इतकी धूळ नमद्यासारखी बसली होती. त्या धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा बसवल्यावर हवेचा झोत वाढला, पण नळीवरचा बर्फ गेला नाही.

दर वर्षी गॅस भरावा लागणे योग्य आहे का, आणि ठिबकणारे पाणी व नळीवरचा बर्फ यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे मला प्रामुख्याने समजून घ्यायचे आहे. हिवाळ्यात गरम हवा मध्येच काही मिनिटे बंद पडते आणि बाहेरील युनिटमधून वाफ निघते, तोही बिघाडच आहे का? त्या खोलीत माझी आई झोपते. थंडीत तिला श्वासाचा त्रास होतो, त्यामुळे हे यंत्र ऐन हिवाळ्यात बंद पडलेले आम्हाला परवडणारे नाही. घरच्या घरी कोणती देखभाल निर्धास्तपणे करता येईल आणि कोणत्या भागाला हात लावू नये, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

मी बरीच वर्षे या यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दर वर्षी गॅस भरावा लागणे मुळीच स्वाभाविक नाही. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, घरातील कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, द्रवाचा वायू होताना खोलीतील उष्णता शोषून घेतो आणि बाहेरील कॉइलमध्ये पुन्हा द्रव होताना ती बाहेर सोडतो. हिवाळ्यात चारमार्गी व्हॉल्व्ह ही दिशा उलटवतो, एवढाच फरक. तेव्हा गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता वरचेवर गॅस भरणे म्हणजे छिद्र पडलेल्या घागरीत पाणी ओतत राहणे होय.

नळीवरचा बर्फ याच शंकेला बळ देतो. बहुतेक स्प्लिट यंत्रांत गॅसचा दाब कमी करणारा भाग बाहेरील युनिटमध्ये असतो, त्यामुळे थंडावा देताना बारीक नळी गार असणे आणि तिच्यावर दव येणे साहजिक आहे. मात्र गॅस कमी पडला की दाब आणखी उतरतो आणि त्या नळीचे तापमान शून्य अंशाखाली जाऊन दवाचा बर्फ होतो. जाळ्या तुंबून हवा कमी पडली तरी बर्फ धरतो, म्हणून आपण आधी जाळ्या धुतल्या हे फार योग्य केले. ते कारण आता बाजूला पडले आहे.

पाणी ठिबकण्याची कारणे दोन असू शकतात. घरातील कॉइलवरही बर्फ धरत असेल, तर यंत्र बंद झाल्यावर तो वितळतो आणि पाणी कॉइलखालच्या ट्रेच्या बाहेर पडते. दुसरे म्हणजे निचऱ्याची नळी तुंबलेली असू शकते, कारण कॉइलवरची धूळ आणि ओल मिळून ट्रेमध्ये शेवाळासारखा बुळबुळीत गाळ साचतो. एमसीबी बंद करून, जाळ्या काढून, अर्धा लिटर पाणी कॉइलवरून अगदी हळूहळू ट्रेमध्ये सोडून पाहा. ते बाहेरील टोकाने सलग वाहिले तर नळी मोकळी आहे. थेंब थेंब आले किंवा आतच तुंबले, तर ओतणे लगेच थांबवून बाहेरील टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावून गाळ ओढून घ्यावा. मात्र त्यासाठी पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनरच वापरावा.

हिवाळ्यातील वाफेची काळजी करू नये. यंत्र खोली गरम करते तेव्हा बाहेरील कॉइल बाहेरच्या हवेपेक्षाही थंड असते आणि तिच्यावर हिम साचते. ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे आपली दिशा उलटवते, आतला पंखा थांबवते आणि बाहेर वाफ व पाणी दिसते. साधारण दहा मिनिटांत गरम हवा पुन्हा सुरू झाली तर सारे ठीक आहे. तो बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये, कारण पातळ ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांमागे गॅसच्याच नळ्या असतात.

वापराच्या दिवसांत दर दोन ते चार आठवड्यांनी जाळ्या धुणे, बाहेरील युनिटभोवती साचलेला पालापाचोळा काढणे आणि वीज बंद करून साध्या नळाच्या हलक्या धारेने बाहेरील कॉइल धुणे, एवढे घरी अवश्य करावे. जोराच्या फवाऱ्याने पापुद्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते. विजेच्या भागाचे झाकण मात्र उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. गॅसच्या व्हॉल्व्हलाही हात लावू नये. यंत्रावरील पट्टीवर ‘आर-३२’ असे लिहिले असेल तर तो गॅस सौम्य ज्वलनशील असतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

आता एक गोष्ट पाहून कळवा. दोन्ही नळ्यांच्या नटांपाशी कुठे तेलकट डाग आहे का? गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरत असते, त्यामुळे जिथून गॅस गळतो तिथे ते पाझरून त्यावर धूळ चिकटते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद :

आपण इतके सविस्तर समजावले याबद्दल मनापासून आभार. निचऱ्याची नळी तुंबलेलीच होती. तिच्यातून करंगळीएवढी काळपट गाळाची गुठळी निघाली आणि त्यानंतर पाणी सलग वाहू लागले. तेलकट डागही सापडला. घरातील युनिटच्या मागे, जाड नळीच्या जोडावरचे इन्सुलेशन थोडे सरकवले असता नट काळपट व चिकट लागला. त्यावर साबणाचा फेस लावून टॉर्चच्या उजेडात पाहत राहिलो, तेव्हा खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा एकाच जागी पुनःपुन्हा फुगत होता. यंत्र बंद ठेवले आहे. नट पान्याने घट्ट केला तर पुरेल का?

प्रतिसाद :

नट स्वतः आवळू नका. जास्त जोर पडला तर तांब्याचे पसरट तोंड चिरते आणि गळती वाढते. तंत्रज्ञाकडून उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यावा, नळीचे तोंड नव्याने पसरवून टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच नट आवळणाऱ्या पान्याने) जोड बसवावा आणि कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन गळती थांबल्याची खात्री करावी. ऑक्सिजन यासाठी कधीही वापरू देऊ नका, कारण तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढावी आणि यंत्राच्या पट्टीवर जितके वजन लिहिले आहे तितकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरावा. नळ्या नेहमीपेक्षा लांब असतील तर वाढीव गॅस किती लागतो, ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. बोलावण्यापूर्वीच ‘व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा सोबत आणणार का?’ असे विचारा. नाही असे उत्तर आले, तर दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलवा. हे काम थंडी सुरू होण्याआधी उरकून घ्या, म्हणजे आईंच्या खोलीचा प्रश्न ऐन वेळी उभा राहणार नाही.